रुग्णाची निद्रा आणि देहाचे तापमान
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासनातर्फे केलेले निवेदन)



जमाखर्चाचे वाचन नुकतेच झाले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि ठराव क्रमांक सहामध्ये गच्चीवर चुन्याचा लेप देणे आणि सर्वसाधारण वॉर्डातील पंखे बदलणे यांसाठी तरतूद मागितली आहे, आणि रुग्णालयाने औषधोपचार सोडून गच्ची कशासाठी रंगवावी, असा प्रश्न एका विश्वस्तांनी केला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन आपणांपुढे ठेवीत आहोत.

निरोगी मनुष्याच्या देहाचेही तापमान दिवसभर एकसारखे नसते. सायंकाळी ते सर्वाधिक असते, रात्री सुमारे एक अंश सेल्सियसने उतरते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास तळाला जाऊन पुन्हा चढू लागते. झोप लागते ती या उतरणीवर. निजण्यापूर्वी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, देहाच्या आतील उष्णता तेथवर येते आणि हवेत निघून जाते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ज्याचे हातपाय ऊबदार असतात त्याला झोप लवकर लागते. येथे पाय ऊबदार असणे म्हणजे देह तापणे नव्हे. देह आतून निवू लागल्याचीच ती खूण. निजण्याच्या तास-दोन तास आधी ऊन पाण्याने स्नान केले असता झोप चांगली लागते, त्याचेही कारण हेच.

हा क्रम केवळ सूर्याच्या उदयास्तावर अवलंबून नाही. शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ साली एका सहकाऱ्यासह अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले. तेथे ऊन नाही, दिवस नाही. दोघांनी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याचे शरीर त्या वेळापत्रकास रुळले. क्लाइटमन यांच्या देहाचे तापमान मात्र चोवीस तासांचाच क्रम धरून राहिले. रुग्ण खाटेवर दिवसभर पडून असला तरी त्याचा देह आपली रात्र अशी शोधीतच असतो.

आता प्रश्न हवेचा. देहातील उष्णता बाहेर जावयाची तर बाहेरची हवा ती घेणारी हवी. विदर्भातील मे महिना आपणांस सांगावयास नको. नवतप्यात सर्वांत वरच्या मजल्यावरील सर्वसाधारण वॉर्डाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. कूलर कोरड्या हवेत उपयोगी पडतात, परंतु मृगाच्या सुमारास हवेत दमटपणा आला की त्यांचा इलाज चालत नाही. स्वप्ने पडतात त्या निद्रावस्थेत घाम येणे, हुडहुडी भरणे या देहाच्या संरक्षक क्रिया मंदावतात, त्यामुळे उष्म्याचा जाच त्या वेळी विशेष होतो. ही निद्रा रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, आणि नेमकी तेव्हाच आमच्या वॉर्डात माणसे उठून बसलेली दिसतात.

पहिल्या मजल्यावरील खाजगी खोल्या वातानुकूलित आहेत. निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा वरच्या मजल्यावर आहेत. भाडे देणाऱ्याने निवावे आणि धर्मादाय खाटेवरच्याने तापावे, हे आपल्या न्यासाच्या उद्दिष्टांत बसत नाही. यंत्रसामग्रीसाठी देणग्या येतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. चुन्याच्या लेपावर मात्र देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, हीच काय ती त्याची अडचण.

ज्यास पैसा लागत नाही तेही सांगतो. पहाटे पाचला सर्वांचे तापमान घेण्याचा प्रघात जुना आहे. ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा रुग्णांपुरता तो मोडून सकाळच्या चहाबरोबर तापमान घ्यावे, असे डॉक्टरांनी सुचविले असून त्यांची लेखी सूचना असलेल्या खाटांपुरते हे सुरूही झाले आहे. परिचारिकांनी त्याचे स्वागत केले. ज्यांना ताप आहे किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांच्या बाबतीत पूर्वीचाच नियम राहील.

आप्तेष्टांस एक विनंती. सायंकाळी तापमान नव्याण्णव अंश फॅरनहाइटच्या आसपास दिसले की आपण घाबरून जाता आणि रुग्णास शालीत गुंडाळता. सायंकाळचा आकडा सकाळपेक्षा चढा असणे स्वाभाविक आहे. तो ताप आहे किंवा नाही, हे डॉक्टरांस ठरवू द्यावे. पाय गार पडत असतील तर सुती मोजे घालावेत. मधुमेही रुग्णाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी कृपया ठेवू नये. अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, आणि कातडी भाजली तरी त्यांस कळत नाही.

लेपाचे काम होळीपूर्वी उरकले तरच येत्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल. तिन्ही ठेकेदारांची दरपत्रके लेखा विभागात पाहावयास ठेवली आहेत. ठराव क्रमांक सहा सभेपुढे मांडण्याची अनुमती असावी.