व्हिचेन्झाचे पाणी आणि वाशिष्ठीचा काठ



नदीचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे फेस, काळे पाणी आणि मेलेले मासे येतात. आज ज्या प्रदूषणाविषयी मी बोलणार आहे ते डोळ्यांना दिसतच नाही. ‘पीफास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो मानवनिर्मित रसायनांचे हे कुळ आहे. न चिकटणारा तवा, न भिजणारे कापड, तेलाची आग विझवणारा फेस यांत ती वापरली गेली. त्यांतील कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट, की निसर्गात तो जवळजवळ तुटतच नाही. तुरटी आणि क्लोरीन येथे निरुपयोगी. पाणी आटवले तर प्रमाण उलट वाढते, कारण वाफ होते ती पाण्याची! यांतील पीएफओए हे रसायन मानवात कर्करोग निर्माण करणारे आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले.

उत्तर इटलीतील व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तेथील मितेनी कारखाना १९६० च्या दशकातला. भूजल दूषित झाल्याचे उघड झाले ते २०१३ मध्ये. तोवर लोक विहिरींचे आणि नळांचे पाणी निर्धास्तपणे पीत होते. साडेतीन लाख वस्तीचा प्रदेश बाधित ठरला. मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती आल्यावर तेथील माता रस्त्यावर उतरल्या, आणि मागे हटल्या नाहीत. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना मिळून १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

हे सातासमुद्रापलीकडचे प्रकरण येथे कशासाठी? कारण त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने लिलावात घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी तेथून किती जवळ, हे कोकणी माणसाला सांगायला नको.

येथे इटलीची पुनरावृत्ती होत आहे, असा माझा आरोप नाही. उद्योगच नकोत म्हणणाऱ्यांतलाही मी नव्हे. प्रश्न मोजमापाचा आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये यांतील दोन प्रमुख रसायनांसाठी पेयजलात एक लाख कोटी भागांत ४ भाग एवढीच मर्यादा घातली. आपल्या पेयजल मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत त्यांच्यासाठी मर्यादाच नाही. मग नेहमीच्या तपासणीत ती शोधणार कोण?

लोटे परिसरातील विहिरी, वाशिष्ठीचे पाणी आणि खाडीतील मासळी यांचे नमुने आताच तपासले, तर पुढे तुलनेसाठी काही हाती राहील. ही तपासणी खर्चिक आहे. तो भार उद्योगांनी उचलावा. ग्रामसभांनी ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तशी लेखी मागणी करावी, आणि येईल ते उत्तर गावाच्या फलकावर लावावे.