सुमन हे नाव कोणाचे?



घाटकोपर-मुलुंडकडील विहारांत नामकरणाच्या प्रसंगी मला एक प्रश्न विचारला जातो : मुलाचे नाव सुमन ठेविल्यास लोक हसतील काय? प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या मुळाशी अधिकाराची गोष्ट आहे.

पालीत 'सु' म्हणजे चांगले. ज्याचे मन प्रसन्न तो सुमन, जिचे ती सुमना. राजगृहाच्या सुमन माळ्याने राजा बिंबिसारासाठी नेमलेली जाईची फुले, राजदंडाची भीती न बाळगता, भगवंतांस वाहिली. संघमित्रेचा पुत्र सुमन श्रामणेर महिंद थेरांसमवेत सिंहलद्वीपास गेला, असे 'महावंस' सांगतो. तसेच कोसलराजाची भगिनी सुमना वृद्धपणी भिक्खुणी झाली. अनाथपिंडिकाची धाकटी कन्याही सुमनाच.

मग मराठीतील पुरुष सुमन गेला कोठे? ह्या शब्दाला फूल असाही अर्थ आहे. मराठीत तोच उरला. व्याकरणात 'ते सुमन' नपुंसकलिंगी. परंतु कुसुम, पुष्पा ह्यांच्या पंगतीस बसून हे नाव मुलींचे झाले. गायिका सुमन कल्याणपूर सर्वांस ठाऊक आहेत. उलट हिंदी कवी शिवमंगल सिंह ह्यांनी 'सुमन' हेच उपनाम घेतले, आणि तेलुगू चित्रपटांतील नट सुमन हे पुरुषच. प्रांत बदलताच नावाचे लिंग बदलते. म्हणजे ते नावात नसून रूढीत आहे.

रूढीचे सामर्थ्य मनुस्मृतीने ओळखले होते. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, स्त्रीचे मंगल व दीर्घ स्वरान्त असावे, असे तिचा दुसरा अध्याय सांगतो. आपल्या घरोघरच्या सुमनताईंनी तो दीर्घ स्वर केव्हाच टाकून दिला!

कायदा काय म्हणतो? १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाखालील नोंदीत नाव व लिंग ह्यांचे रकाने वेगळे असतात. नाव कोणत्या लिंगाचे, हे कायदा विचारीत नाही. जिज्ञा यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा व संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचे नाव येते. रूढी बदलता येते, ह्याचा हा ताजा पुरावा आहे.

म्हणून नाव निःशंकपणे ठेवा. मात्र जन्मदाखल्यावर व शाळेच्या नोंदवहीत लिंगाचा रकाना स्वतः वाचून पाहा. नाव पाहून कारकुनाने अंदाजाने भरू नये. आणि जो हसेल त्यास सुमन श्रामणेराची गोष्ट सांगा.

जय भीम.