गाळलेला शब्द

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी सैन्याच्या तोफखान्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. भाषणाची सवय नाही. जे घडलं ते सरळ सांगतो.

आमचं गाव श्रीरामपूरजवळचं. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आईच्या ट्रंकेत बायबल आणि 'उपासना संगीत' ही दोन पुस्तकं असायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तिला तोंडपाठ होती. वडील ट्रक चालवायचे. रात्री ते पिऊन यायचे. दाराची कडी वाजली की आम्ही भावंडं गोधडीत श्वास रोखून पडायचो. कमरेचा पट्टा कुणावर पडेल याचा नेम नसे. आणि रविवारी तेच वडील धुतलेला सदरा घालून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेले असत.

प्रभूच्या प्रार्थनेत देवाला पिता म्हणून हाक मारायची असते. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. 'पिता' म्हटलं की डोळ्यांपुढे पट्टा यायचा. मंडळी प्रार्थना म्हणायची तेव्हा मी तेवढा शब्द गाळून पुढचं म्हणायचो. कुणाला कळलं नाही.

१९९२ साली भरती झालो. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात प्रशिक्षण झालं. कसम परेडला ज्याचा त्याचा धर्मग्रंथ समोर असतो. मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. वाटलं, घर सुटलं, आता सगळं मागे पडलं. पण तसं नव्हतं. १९९८ साली माझ्या हाताखालच्या एका नव्या पोराकडून किरकोळ चूक झाली आणि माझा हात उठला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. लहानपणी मी झाकायचो, अगदी तस्संच. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांच्यापासून पळालो, ते वडील माझ्याच हातात येऊन बसले होते.

पलटणीत सर्वधर्मस्थळ असतं. एका छपराखाली सगळ्यांचे देव. आम्ही ख्रिस्ती जवान दोघे-तिघेच, त्यामुळे पाद्री नव्हता. आमचे धर्मगुरू पंडितजी रविवारी स्वतः मेणबत्ती लावायचे, बायबल उघडून ठेवायचे आणि मागे शांत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, प्रार्थनेत तू दर वेळी एकाच जागी अडखळतोस. काय आहे तिथे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू वडिलांवरून देवाचं माप काढतोस. एकदा उलटं करून बघ. आणि आधी त्या पोराची माफी माग." मी माफी मागितली, सगळ्या तुकडीसमोर.

१९९९ च्या उन्हाळ्यात आम्ही द्रासला होतो. १३ जूनला तोलोलिंग हाती आलं, ४ जुलैला टायगर हिल. दोन्हीच्या आधी तोफा रात्रंदिवस धडाडत होत्या. त्या आवाजाची मला भीती वाटली नाही. कडीच्या आवाजानं मात्र तेव्हाही पोटात गोळा यायचा. एका निवांत संध्याकाळी कागद घेतला. घरी पत्र लिहायचो ते आईला. त्या दिवशी पहिल्यांदा 'तीर्थरूप बाबांस' असं लिहिलं. पुढे लिहिलं, 'तुम्ही मारायचात ते मी विसरलो नाही. पण हे ओझं मला आता उचलवत नाही. मी ते देवापाशी ठेवतो आहे.'

उत्तर आलं नाही. हिवाळ्यात रजेवर गेलो, तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले. यकृत गेलं होतं. मी त्यांची दाढी करायला बसलो. गालावरचा साबण पुसायला त्यांनी हात वर केला आणि मी चटकन मान खाली घातली. पंचविशी उलटलेला, लढाई पाहिलेला जवान! त्यांना ते दिसलं. हात तसाच हवेत राहिला. मग हळूच खाली आला, आणि ते रडू लागले. पत्राबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही.

दोन महिन्यांनी ते गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी मी ती पूर्ण म्हटली. एकही शब्द न गाळता.

श्रोतेहो, कडी वाजली की मी आजही क्षणभर दचकतो. विश्वासानं जखम नाहीशी झाली नाही, पण ती चिघळायची थांबली. माझ्या मुलांवर माझा हात कधी उठला नाही, हीच माझी साक्ष. एक मात्र सांगतो. क्षमा करायला मला वीस-बावीस वर्षं लागली आणि तीही मी मार चुकवून दूर गेल्यावर. मार खाणाऱ्या लेकराला क्षमेचा उपदेश करू नका. त्याला आधी वाचवा. शेजारच्या घरातून रोज रडणं ऐकू येत असेल तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून खिडकी लावून घेऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. आमच्या लहानपणी तो नव्हता. शेजारी मात्र होते.