गणिताच्या दोन वाटा आणि कामगारांची मुले
(भिलाई येथील कामगार-पालकांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



१९५५ साली सोव्हिएत युनियनशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर सेक्टरा-सेक्टरांतून शाळाही निघाल्या. छत्तीसगडी शेतमजुराचा आणि विदर्भातून आलेल्या कामगाराचा मुलगा अधिकाऱ्याच्या मुलाशेजारी बसून बीजगणित शिकला. या शाळांतून पुढे अभियंते निघाले, त्याचे श्रेय मुलांच्या बुद्धीइतकेच सार्वजनिक क्षेत्राने पुरविलेल्या शिक्षकांना आहे.

आज ही व्यवस्था खचली आहे. कायम कामगार घटले, ठेका कामगार वाढले आणि कारखान्याच्या अनेक शाळांना कुलपे लागली. रिकामी झालेली जागा खाजगी शिकवणी वर्गांनी व्यापली. गणित-परीक्षेतील बदलांकडे याच पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका सुरू केल्या : ‘स्टँडर्ड’ आणि सोपी ‘बेसिक’. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषयांतही असे दोन स्तर सुचविले. गणिताच्या धास्तीने मुले नापास होतात, शाळा सोडतात, त्यांना दिलासा मिळावा, असे समर्थन केले जाते. ही धास्ती खरी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु प्रश्न असा की, बेसिकच्या वाटेला कोण लावला जातो? दोन्ही प्रश्नपत्रिकांचा अभ्यासक्रम एकच, वर्गातील शिकवणीही एकच. फरक कठीणपणाचा. म्हणजेच, नीट शिकविले गेलेले मूल स्टँडर्डला बसू शकते. ज्याच्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही आणि ज्याच्या बापाला शिकवणीची फी परवडत नाही, त्याला बेसिकचा सल्ला मिळतो. शिक्षणातील उणीव अशा रीतीने मुलाची ‘आवड’ म्हणून नोंदली जाते.

त्याचे परिणाम पुढे भोगावे लागतात. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेतलेल्यास अकरावीत नियमित गणित मिळत नव्हते. त्यासाठी पुन्हा स्टँडर्डची परीक्षा द्यावी लागे. करोनाच्या काळात ही बंदी शिथिल झाली. त्यानंतर मुलाची कुवत पाहून मुख्याध्यापकाने परवानगी द्यावी, असे ठरले. हक्काच्या जागी मर्जी आली. गणित नाही तर अभियांत्रिकी नाही. आणि २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी आज याच भिलाईत आहे! तिची दारे ठेका कामगाराच्या मुलापुरती पंधराव्या वर्षीच बंद व्हावीत काय?

दुसरा बदल प्रश्नांच्या स्वरूपाचा. पाठांतराऐवजी आकलन तपासणाऱ्या, व्यवहारातील प्रसंगांवर बेतलेल्या प्रश्नांचा वाटा वाढला. २०२४-२५ पासून अकरावी-बारावीत तो निम्म्यावर गेला. तत्त्वतः हे स्वागतार्ह आहे. घोकंपट्टी हे काही कामगारवर्गाचे शिक्षणशास्त्र नव्हे. मात्र असे प्रश्न लांबलचक मजकुराचे असतात, आणि घरी छत्तीसगडी, मराठी वा तेलुगू बोलणारे मूल इंग्रजी परिच्छेदातच अडखळते. त्याचे गणित तपासले जाण्यापूर्वीच भाषा त्याला बाद करते.

प्रवेश परीक्षेनेही शाळेचे महत्त्व कमी केले. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ताक्रमात बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो काढण्यात आला. वर्गातील कष्टांची किंमत घसरली, शिकवणी बाजाराची चढली.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. गणित-शिक्षकांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरा. कारखान्याच्या उरलेल्या शाळा चालू ठेवून त्यांत ठेका कामगारांच्या मुलांना प्रवेश द्या. बेसिक उत्तीर्णांचा अकरावीच्या गणितावरील हक्क मान्य करा.

पक्षसभासदांनी मात्र मागण्यांवर थांबू नये. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी वस्तीवस्तीत पालकसभा घ्याव्यात आणि बेसिकच्या रकान्यावरील खुणेचा अर्थ समजावून द्यावा. युनियनच्या कार्यालयात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवावेत. निवृत्त तंत्रज्ञ व शिक्षक यांना त्यात ओढावे. भिलाईत जे घडते आहे, तेच कमीअधिक प्रमाणात देशातील प्रत्येक औद्योगिक नगरीत घडत आहे.

ज्यांच्या श्रमाने पोलाद घडले, त्यांच्या मुलांना त्या पोलादाचे गणित नाकारण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षा मंडळाला नाही!