निकोबार : समुद्राने मोजला जाणारा जिल्हा

(पंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या भिंतीवर टांगलेला भारताचा नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या उजव्या अंगास, बंगालच्या उपसागरात, ठिपक्यांची एक उभी रांग असते. पुष्कळ नकाशांत जागेच्या सोयीसाठी ती एका चौकटीत बसविलेली असते. मी भूगोलाचा शिक्षक; परंतु त्या रांगेवरून छडी फिरवावी, ‘अंदमान आणि निकोबार’ एवढे शब्द उच्चारावेत आणि पुढे सरकावे, असेच मी कित्येक वर्षे केले. मुलांनीही कधी हरकत घेतली नाही. आज त्या रांगेच्या खालच्या भागाविषयी, म्हणजे निकोबार जिल्ह्याविषयी, थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे. जिल्हा, गाव, जमीन, कुटुंब हे शब्द आपण कचेरीत दररोज वापरतो. त्या जिल्ह्यात त्यांचा अर्थ आपल्याकडच्यासारखा राहत नाही, आणि तो तसाच आहे असे धरून चालले म्हणजे चांगल्या हेतूने हाती घेतलेले कामही कसे अवघड होऊन बसते, हे २००४ नंतर तेथे दिसून आले आहे.

प्रथम भूगोल पाहू. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. दहा अंश उत्तर अक्षवृत्त तिच्यातून जाते, म्हणून तिला ‘टेन डिग्री चॅनेल’ हेच नाव पडले आहे. तिच्या दक्षिणेला निकोबारची लहानमोठी बावीस बेटे आहेत. त्यांपैकी सुमारे डझनभर बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. क्षेत्रफळ १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण एकतृतीयांश. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ३६,८४२. आपल्याकडील एखाद्या लहान नगरपालिकेची वस्तीही याहून जास्त भरेल. तेव्हा आकडे पाहून कोणासही वाटावे की, कारभारास याहून सोपा जिल्हा नसेल.

पण ही माणसे राहतात कोठे? उत्तरेच्या कार निकोबार बेटापासून दक्षिणेच्या इंदिरा पॉइंटपर्यंत अंतर सुमारे तीनशे किलोमीटर भरते. मुंबईपासून मालवणपर्यंत समुद्रमार्गे जावे, वाटेत रस्ता नाही, रेल्वे नाही, आणि जिल्ह्याचे ठाणे मात्र मुंबईच्या टोकाला, अशी कल्पना करावी. इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट सुमारे १५० किलोमीटरवर आहे. आपली मुख्य भूमी दीड हजार किलोमीटरांहून दूर. कोकणातील ज्येष्ठ मंडळींना बोटीचे दिवस आठवत असतील. बोट खोल पाण्यात उभी राहावयाची, उतारूंनी पडावात उतरून किनारा गाठावयाचा आणि पावसाळा लागला की वाहतूकच बंद. निकोबारमध्ये पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे आणि त्यांच्यामागोमाग ईशान्य मोसमी वारे. वर्षातील थोडेच महिने कोरडे जातात. जहाज व हेलिकॉप्टर ही दोनच साधने, आणि दोन्ही हवामानाच्या मर्जीवर. आपल्याकडे ‘फेरी करून येतो’ असे म्हणून अधिकारी सकाळी निघतो व संध्याकाळी परततो. तेथे जाण्याचा दिवस ठरविता येतो, परतण्याचा दिवस समुद्र ठरवितो.

ही बेटे एकाच जातीची नाहीत. कार निकोबार सपाट, प्रवाळाच्या थरांचे बनलेले. त्याचे क्षेत्रफळ १२७ चौरस किलोमीटर, पण जिल्ह्याची जवळजवळ निम्मी वस्ती त्यावर. उलट ग्रेट निकोबार डोंगराळ व घनदाट अरण्याने झाकलेले. जिल्ह्याचे निम्मे क्षेत्र त्याचे, परंतु वस्ती आठ हजारांच्या आसपास. तेथील माउंट थुलियर ६४२ मीटर उंच. गॅलाथिया, अलेक्झांड्रा, डागमार ही तेथील नद्यांची नावे ऐकून आपण क्षणभर युरोपात आहोत की काय असे वाटते. ती डेन्मार्कच्या लोकांची आठवण होय. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील त्रांकेबारहून डॅनिश लोक १७५६ मध्ये येथे आले. त्यांनी वसाहतीचे प्रयत्न पुनःपुन्हा केले, पण हिवतापाने त्यांना टिकू दिले नाही. अखेर १८६८ मध्ये त्यांनी आपला हक्क इंग्रजांस विकला. अंदमान म्हटले की आपल्या मनात सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकर उभे राहतात. त्या कारागृहाच्या कितीतरी आधी, १८६९ ते १८८८ या काळात, इंग्रजांनी निकोबारमधील नानकौरी बंदरातही कैद्यांची वसाहत चालविली होती. तीही त्यांना सोडून द्यावी लागली. बाहेरून येणाऱ्याला ही बेटे सहजासहजी लाभत नाहीत.

आता प्रशासनाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे अंदमान आणि निकोबार मिळून एकच जिल्हा होता. १ ऑगस्ट १९७४ रोजी निकोबारचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचे प्रकरण पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव श्री विजयपुरम आहे त्या शहराला, सामुद्रधुनी ओलांडून जावे लागे. नव्या जिल्ह्याचे मुख्यालय कार निकोबार येथे झाले. कार निकोबार, नानकौरी व ग्रेट निकोबार असे तीन उपविभाग पडले. रचना आपल्यासारखीच दिसते, नाही का? उपायुक्त आहे, तहसीलदार आहे, पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत. वेगळेपण पुढेच आहे.

आपल्या महसुली कारभाराचा पाया म्हणजे सातबारा. अमुक गट, अमुक क्षेत्र, अमुक खातेदार. जिल्ह्याची जवळजवळ दोनतृतीयांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने तेथील बहुतेक भूमी राखीव आहे. बाहेरच्या माणसाला परवान्यावाचून तेथे पाऊल ठेवता येत नाही, मग जमीन घेण्याची गोष्टच दूर. आणि कार निकोबारमध्ये जमीन एकेका माणसाची नसते. ती ‘तुहेत’ची असते. तुहेत म्हणजे एका पूर्वजाची अनेक कुटुंबे मिळून झालेला समूह. नारळीची बाग, डुकरे, होड्या, सणाचा खर्च, आजाऱ्याची शुश्रूषा हे सर्व तुहेत पाहते. आपल्या कोकणातील भावकीशी याची तुलना मनात येते, पण भावकीत वाटण्या होतात व वाटण्यांतून दावे होतात. तुहेतमध्ये अमुक झाड कोणी वापरावे हे ठरते, ते झाड कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न निघत नाही.

गावाचा कारभार ‘कॅप्टन’ पाहतो. शब्द इंग्रजी, जहाजांच्या व्यापारातून आलेला. पद मात्र त्यांच्या समाजात पुरते मुरलेले. पहिला कॅप्टन, दुसरा कॅप्टन, तिसरा कॅप्टन अशी उतरंड असते आणि सर्वांवर मुख्य कॅप्टन. येथील शिक्षकबंधूंना सांगावेसे वाटते की, या बेटांतून लोकसभेत बसलेले पहिले सदस्य जॉन रिचर्डसन हे स्वतः कार निकोबारी होते, शिक्षक होते आणि पुढे बिशप झाले. १९५२ मध्ये त्यांची नियुक्ती झाली. कार निकोबारी भाषेत बायबल उतरविण्याचे मोठे कामही त्यांचेच. २००९ मध्ये एका विनियमाने जमाती परिषदांना कायद्याचा आधार मिळाला. म्हणजे सरकारने नवी संस्था उभारली नाही. जी होती तिची नोंद घेतली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

थोडे विषयांतर करतो. चौरा नावाचे एक चिमुकले बेट आहे, जेमतेम आठ चौरस किलोमीटरांचे. परंपरेने मातीची भांडी घडविण्याचा मान चौराच्या स्त्रियांचा. चौरावर भांड्यांजोगी माती नाही. ती शेजारच्या तेरेसा बेटावरून होडीने आणावयाची, भांडी चौरात घडवावयाची आणि मग इतर बेटांनी ती चौराकडूनच घ्यावयाची. हिशेबनीस म्हणेल, तेरेसानेच भांडी का करू नयेत? परंतु या रीतीमुळे दरवर्षी होड्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात, नाती टिकत, आणि पाण्याची व जागेची टंचाई असलेल्या चौराला इतरांचा आधार राही. आपण ज्याला दळणवळण म्हणतो त्याची व्यवस्था त्यांनी भांड्यांतून लावली होती.

आता २६ डिसेंबर २००४. नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रापाशी समुद्रतळाखाली नऊहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा निकोबारवर आल्या. कार निकोबारची गावे सर्व किनाऱ्यालगत. ती वाहून गेली. हवाई दलाच्या तेथील तळावर जवान व त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्रिंकेत बेटाचे तुकडे झाले व तेथील लोकांना कामोर्ता बेटावर न्यावे लागले. जमीनही खचली, इंदिरा पॉइंटपाशी ती चार मीटरांहून अधिक खाली गेली. १९७२ मध्ये उभारलेल्या तेथील दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ४२,०६८ होती. पुढच्या जनगणनेत ती पाच हजारांहून अधिक घटलेली आढळली. दशकात लोकसंख्या घटल्याचे असे उदाहरण आपल्या देशात विरळा.

मदत आली, मोठ्या प्रमाणावर आली, हे प्रथम म्हटले पाहिजे. नौदल, हवाई दल, प्रशासन, स्वयंसेवी संस्था सर्व धावले. इतक्या दूर अंतरावर अन्न, औषधे व निवारा पोहोचविणे हे सामान्य काम नव्हे. परंतु मदत वाटावयाची म्हणजे यादी हवी, आणि यादीत एकक हवे. ते एकक ‘कुटुंब’ ठरले. पती, पत्नी, अविवाहित मुले. नुकसानभरपाई बँकेतील खात्यावर, घर कुटुंबाच्या नावे. आपल्यापैकी कोणीही अधिकारी त्या जागी असता तर त्याने हेच केले असते. मीही केले असते. पण नारळीची झाडे गेली ती तुहेतची होती आणि रक्कम आली ती व्यक्तीच्या हाती. जो समाज एका चुलीच्या हिशेबाने जगतच नव्हता त्याला आपण चुलींत मोजले. त्यामुळे एकाच तुहेतमध्ये कोणाजवळ पैसा आणि कोणाजवळ नाही, अशी स्थिती निर्माण झाली. हे तेथे अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविले आहे.

घरांचेही तेच. निकोबारी पारंपरिक घर गोल, गवताने शाकारलेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे आणि खांबांवर उभे. खालची सावलीची जागा बसण्याउठण्याची. तात्पुरते निवारे पत्र्याचे आले. विषुववृत्ताजवळच्या उन्हात पत्र्याखाली दुपार कशी जात असेल हे मराठवाड्यातील मंडळींना सांगावयास नको. ‘आम्हांला हत्यारे द्या, घरे आम्ही बांधतो’ अशी तेथील प्रमुखांची मागणी होती. पुढे कायम घरे झाली ती मुख्य भूमीवरून आणलेल्या सामग्रीची. निकोबार जिल्ह्यात सुमारे सात हजार. ती मजबूत आहेत, किनाऱ्यापासून आत आहेत. मात्र अशा घराचा पत्रा किंवा खिळा गेला तर तो जहाजाने यावा लागतो. गवत रानात मिळत असे.

याच जिल्ह्यात आपली नेहमीची पंचायतही आहे, आणि तिच्याशी महाराष्ट्राचा संबंध आहे. १९६९ पासून ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे वसविण्यात आली. पंजाब, तामिळनाडू, केरळ यांप्रमाणे महाराष्ट्रातीलही कुटुंबे त्यांत होती. त्यांनी रान साफ केले, माड व सुपारी लावली. कॅम्पबेल बे, गोविंदनगर व लक्ष्मीनगर अशा तीन ग्रामपंचायती तेथे आहेत. २००४ च्या लाटांनी त्यांच्याही बागा व घरे नेली. सैन्यातून निवृत्त होऊन देशाच्या टोकाला जाऊन राहिलेल्या या आपल्या माणसांची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

त्याच बेटाच्या अंतर्भागात शोंपेन राहतात. शिकार व कंदमुळांवर जगणारा हा समाज. २०११ च्या गणनेत २२९ माणसे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्यापैकी सात जणांनी प्रथमच मतदान केले. बेटाच्या दक्षिणेस गॅलाथिया उपसागराच्या वाळूत चर्मपृष्ठी समुद्री कासव अंडी घालण्यास येते. त्याच ठिकाणी मोठे बंदर आणि त्याला जोडून विमानतळ, वीजकेंद्र व नगर उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थानिक जमाती परिषदेने ना-हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. २००४ मध्ये सोडाव्या लागलेल्या आपल्या जुन्या गावांच्या जागाही प्रकल्पात जात आहेत, असे तिचे म्हणणे होते. प्रकल्पाच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मी आज शिरत नाही. ग्रामसभेचा ठराव घेणाऱ्या आपणां सर्वांना एवढेच विचारतो की, ज्या गावात आज कोणी राहत नाही, पण ज्याचे लोक परत जाऊ इच्छितात, त्या गावाची नोंद आपल्या कोणत्या नमुन्यात होते?

नकाशा मागच्या भिंतीवर लावला आहे. यात ही बेटे चौकटीत घातलेली नाहीत, आपल्या जागी आहेत. चहानंतर प्रश्न घेऊ.