आईच्या खोलीतला कॅमेरा

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गेटवर कॅमेरे बसले तेव्हा जनरल बॉडीत वाद झाला तो खर्चावरून. आज मी बोलणार आहे तो कॅमेरा गेटवरचा नाही, पलंगासमोरचा आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. तिथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे. ज्या वृद्धांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्यांना तिथे ठेवून त्यांची शुश्रूषा करतात. बऱ्याचदा एका खोलीत दोघं असतात. आईच्या अंगावर वळ दिसतात, तिला काय झालं ते सांगता येत नाही. मुलांनी करायचं काय?

ओहायो राज्यात २०११ मध्ये एका मुलाने आईच्या खोलीत छुपा कॅमेरा ठेवला. तिला होणारी मारहाण त्यात दिसली. त्याने पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तिथे कायदा झाला आणि त्याला त्या आईचंच नाव मिळालं, ‘एस्थर्स लॉ’. टेक्सासमध्ये तर असा कायदा २००१ पासून आहे. इलिनॉयमध्ये २०१६ पासून आणि मिनेसोटात २०२० पासून तो लागू आहे.

या कायद्यांत मला काय आवडलं ते सांगतो. कॅमेरा लावायचा हक्क संस्थेला नाही, तर त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला दिलाय. खर्च साधारणपणे त्याचाच, पण संस्थेला आडकाठी करता येत नाही. खोलीत दुसरं कुणी राहत असेल तर त्याचीही संमती लागते. इलिनॉयच्या संमतीपत्रात तर अटीही घालता येतात: आवाज नको, अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी कॅमेरा बंद. माणसाची समज गेली असेल तर डॉक्टरांनी तसं ठरवल्यावर जवळचे लोक त्याच्या वतीने संमती देऊ शकतात. पण त्याने शब्दांनी किंवा नुसत्या खुणेनेही नको म्हटलं, तर कॅमेरा लावता येत नाही.

हे वाचलं आणि मी वरमलो. कारण माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या खोलीत मीच कॅमेरा बसवला होता. ऑफिसातून मोबाइलवर बघायचो. सांभाळणाऱ्या बाई नवीन होत्या, काळजी खरी होती. एके दिवशी स्क्रीन अचानक काळी झाली. घाबरून घरी आलो, तर कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला. आई म्हणाली, “अरे, अंग पुसताना तरी नको ना.” तोवर मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्या बाईंना तर कॅमेरा आहे हेही सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. पण आईला विचारायला कोर्ट कशाला हवं?

कॅमेरा लावू नका, असं मी म्हणत नाही. वेळप्रसंगी तो जीव वाचवेल. आधी आईजवळ बसा, कशासाठी लावतोय ते समजावा, कधी बंद ठेवायचा ते तिलाच ठरवू द्या. सांभाळणाऱ्या बाईंनाही सांगा. आणि दिवसातून एकदा मोबाइल बाजूला ठेवून खोलीत जा. माझ्या आईला तेवढंच हवं होतं.