क्रौर्यही सिद्ध करावे लागते



भरवस्तीतील घरात दरोडा पडतो, वृद्ध दांपत्याची हत्या होते आणि दुसऱ्याच दिवशी चौकाचौकांतून एकच मागणी होते : फाशी! हा संताप स्वाभाविक आहे. परंतु न्यायासनासमोर संतापाला पुराव्याचे मोल नसते. गुन्ह्याप्रमाणेच त्याचे गांभीर्य वाढविणारी परिस्थितीही तेथे सिद्ध करावी लागते.

जबरी चोरी करताना प्राणघातक शस्त्र वापरणाऱ्यास किमान सात वर्षांच्या कारावासाची तरतूद भारतीय दंडविधानात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. मात्र ही वाढीव शिक्षा शस्त्र वापरणाऱ्यालाच लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले. बळी पडणाऱ्याला दिसेल असा सुरा उगारणे, हाही वापरच. म्हणजे सुरा नेमका कोणाच्या हाती होता, हे साक्षीदाराने ओळखून सांगावे लागते. याउलट पाच किंवा अधिक जणांनी मिळून घातलेल्या दरोड्यात एकाने जरी खून केला, तरी त्या दरोड्यातील प्रत्येकजण मृत्युदंडास वा जन्मठेपेस पात्र ठरतो. येथे संख्या आणि सहभाग सिद्ध होणे महत्त्वाचे.

खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात घेतली. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार त्यात अभिप्रेत आहे. इंदूर येथे २०११ मध्ये लुटीसाठी एकाच घरातील तीन स्त्रियांची हत्या झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला. मात्र फाशीऐवजी किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. आरोपीची मानसिक स्थिती व पूर्वायुष्य यांविषयीची माहिती शासनाने खटल्याच्या वेळीच न्यायालयापुढे ठेवावी, असेही बजावले.

पुणेकरांना जोशी-अभ्यंकर हत्याकांड विसरता येणार नाही. १९७६-७७ मध्ये दहा जीव गेले. त्या खटल्यात माफीचा साक्षीदार पुढे आला; परंतु अशा साक्षीला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाल्याविना न्यायालये सहसा विसंबत नाहीत. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

तो स्वतंत्र पुरावा कोठून येतो? पंचनाम्यातून, जप्त केलेल्या दागिन्यांतून, ओळखपरेडीतून, रक्ताच्या डागांच्या तपासणीतून आणि शेजाऱ्याच्या साक्षीतून. झडती व जप्तीचे चित्रीकरण नव्या कायद्याने बंधनकारक केले आहे. तथापि दागिना आपल्याच घरातील आहे, हे शेवटी माणसालाच सांगावे लागते. आणि पंच होण्याची वेळ आली की आपणच दार लावून घेतो! ‘कोर्टाची पायरी नको’ म्हणणाऱ्या समाजाने निकालावर संतापावे कसे? मोर्चात पुढे असणाऱ्याने पंचनाम्यावर सही करण्यासही पुढे व्हावे आणि वर्षांनंतर समन्स आल्यावर साक्षीच्या पिंजऱ्यातही उभे राहावे. मृतांचे ऋण एवढ्यानेच काही अंशी फिटेल.